सान मामेस, बिल्बाओ: म्युझियम, स्टेडियम टूर आणि बास्क डर्बी (क्लासिकोवर पैसे उडवण्याआधी वाचा)

स्पेनला मॅच बघायला जायचं म्हटलं की आपल्याकडं सगळ्यांच्या तोंडात एकच नाव, एल क्लासिको. रेआल माद्रिद विरुद्ध बार्सिलोना, बाकी स्पेनमध्ये कुणी बॉलला पाय लावतच नाही जणू. मी पण रात्री दीड-दीड वाजेपर्यंत जागून तेच बघत मोठा झालोय, त्यामुळं नावं ठेवत नाही, पण त्या मॅचच्या तिकिटाचे भाव एकदा बघा, आणि एवढे पैसे मोजून आत गेलात तरी शेजारी कोण, तर तुमच्यासारखाच फोन वर धरून बसलेला टुरिस्ट. म्हणून यंदा ते सगळं सोडलं आणि सरळ उत्तरेला, बास्क लोकांच्या मुलखातलं बिल्बाओ गाठलं. सान मामेस, म्हणजे तिथल्या अ‍ॅथलेटिक क्लबचं फुटबॉल स्टेडियम, त्याचं म्युझियम बघितलं, टूर केली आणि अ‍ॅथलेटिक क्लब विरुद्ध रेआल सोसिएदाद ही डर्बी, म्हणजे शेजाऱ्या-शेजाऱ्यांची मॅच, आत बसून बघितली. म्युझियम आणि टूरला पाचपैकी चार, मॅचच्या दिवसाला पाचपैकी पाच. तिकिटाच्या भानगडीला मार्क देत नाही, ते खाली सविस्तर लिहिलंय.

आधी जागा. पोचायला एकदम सोपं, मेट्रोचं स्टेशनच सान मामेस नावाचं आहे आणि गावातला मोठा बस स्टँड, तेर्मिबुस म्हणतात त्याला, तो पण जमिनीखाली अगदी स्टेडियमला लागून. पण मी म्हणीन चालत जा, लिसेन्सियादो पोसा नावाचा रस्ता आहे (तिथं सगळे नुसतं पोसास म्हणतात), दोन्ही बाजूला बारच बार आणि रस्त्याच्या टोकाला समोर ते पांढरं धूड दिसत राहतं. क्रिकेटचं स्टेडियम म्हटलं की आपण गावाबाहेर पार्किंग शोधत फिरतो, इथं पाच मजली बिल्डिंगा संपल्या की लगेच स्टेडियम, लोकांच्या बाल्कनीत वाळत घातलेल्या चादरी आणि त्यामागं गेट नंबर. रात्री बाहेरच्या पांढऱ्या पट्ट्या लाल होतात, ते बघायला तिकीट लागत नाही.

जुनं सान मामेस १९१३ चं. ते पाडून हे नवं बांधलं, पण गंमत अशी की जुनं उभं असतानाच शेजारी नवं चढवायला सुरुवात केली, आणि २०१३ मध्ये नव्यात खेळायला लागले तेव्हा तीनच बाजू तयार होत्या, चौथी २०१४ मध्ये झाली. जुन्या स्टेडियमची ती प्रसिद्ध कमान काढून गावाबाहेर लेसामाला, म्हणजे त्यांची पोरं जिथं तयार होतात तिथं नेऊन उभी केलीय. आत्ता क्षमता ५३ हजारांच्या आसपास. आणि एक प्रॅक्टिकल गोष्ट, बिल्बाओत पाऊस म्हणजे रोजचा पाहुणा, सिरिमिरी म्हणतात तो बारीक, न दिसणारा पण अंगात मुरणारा. नव्या स्टेडियमचं छत सुरुवातीला कमी पडायचं, खालच्या रांगेतली माणसं भिजायची, बोंबाबोंब झाली आणि २०१६ मध्ये छत पुढं वाढवून घेतलं. मी खालच्या भागातच बसलो होतो, बाहेर रिमझिम चालू होती, आत कोरडा राहिलो.

म्युझियम २०१७ चं, स्टेडियमच्या आतच. कप, जुने शर्ट, बूट, फोटो, स्क्रीन, इंग्लिश ऑडिओ गाइड, जे असायला पाहिजे ते सगळं आहे. घाई असेल तर तासाभरात होतं, मला दोन तास कमी पडले. ज्यांना अ‍ॅथलेटिकबद्दल काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी एका दमात सांगतो, हा क्लब १८९८ चा, स्पेनच्या पहिल्या डिव्हिजनमधून कधीच खाली न गेलेले तीनच क्लब आहेत, माद्रिद, बार्सिलोना आणि हे, आणि हे सगळं फक्त बास्क पोरं खेळवून. म्हणजे बास्क भागात जन्मलेला किंवा तिथल्या क्लबात तयार झालेला खेळाडू, बाकी मेस्सी फुकट येतो म्हणाला तरी नाही. नवारा आणि फ्रान्सच्या हद्दीतला बास्क भाग धरूनसुद्धा सगळी लोकसंख्या तीस-एक लाख. हा आकडा डोक्यात ठेवा, डर्बीचं सगळं दुखणं त्यातच आहे.

टूरमध्ये ड्रेसिंग रूम, प्रेस रूम, मग बोगद्यातनं थेट मैदानाच्या कडेला. गवतावर पाय ठेवू देत नाहीत, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. खरी बघायची गोष्ट म्हणजे पिचीचीचा अर्धपुतळा. रफाएल मोरेनो त्याचं नाव, पिचीची हे टोपणनाव, १९१३ मध्ये या मैदानावरचा पहिला गोल त्याचाच आणि १९२२ मध्ये तिशीच्या आत टायफसनं गेला. ला लिगात सगळ्यात जास्त गोल करणाऱ्याला मिळते ती पिचीची ट्रॉफी याच्याच नावाची, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. जो संघ सान मामेसवर पहिल्यांदा खेळायला येतो त्याचा कॅप्टन या पुतळ्यासमोर फुलं ठेवतो, आणि ही पद्धत अजून चालू आहे. आमच्या ग्रुपमधल्या एका इंग्लिश काकांनी पुतळ्याच्या डोक्यावरनं हात फिरवून फोटो काढायचा बेत केला, गाइड बाईंनी अशी नजर टाकली की काका आपोआप दोन पावलं मागं.

चार मार्क का, पाच का नाही? घरचं म्युझियम आहे, घरचीच बाजू सांगणार, त्यात चूक काही नाही, पण मला डर्बीची गोष्ट पाहिजे होती आणि ती एका घरात बसून पुरी कळत नाही. दुसरी बाजू शंभर किलोमीटरवर सान सेबास्तियानला आहे, तिथं रेआल सोसिएदादचं (पुढं नुसतं रेआल म्हटलं की हेच, माद्रिद नव्हे) वेगळं म्युझियम आहे. म्हणून खालचं सगळं मी स्वतः वाचलेलं आणि बारमध्ये ऐकून मग तपासलेलं लिहितोय, मॅचला जायच्या आधी हे माहीत असेल तर मजा दुप्पट येते.

ही डर्बी म्हणजे मैत्रीपूर्ण असं सगळीकडं छापलेलं असतं. खरं आहे ते, पण अर्धंच. ५ डिसेंबर १९७६, हुकूमशहा फ्रँको जाऊन वर्ष झालेलं, बास्क झेंडा म्हणजे इकुरिन्या अजून बेकायदा, आणि सान सेबास्तियानच्या जुन्या आतोचा मैदानावर दोन्ही कॅप्टन, अ‍ॅथलेटिकचा गोलकीपर इरिबार आणि रेआलचा कोर्ताबारिया, तो झेंडा दोघं मिळून धरून मैदानात आले. झेंडा रेआलच्याच एका खेळाडूच्या बहिणीनं शिवलेला. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९७७ मध्ये, झेंडा कायदेशीर झाला. आता ह्याच्या पुढचं कुणी सांगत नाही, त्या दिवशी झेंडा खाली ठेवल्यावर रेआलनं अ‍ॅथलेटिकला ५-० धुतलं. हातात हात झेंड्यापुरता, शिट्टी वाजली की विषय संपला.

मग आलं ८० चं दशक. १९८१ आणि १९८२ ची लीग रेआल सोसिएदादनं मारली, १९८३ आणि १९८४ ची अ‍ॅथलेटिकनं. चार वर्षं माद्रिद-बार्सिलोनाला हात चोळत बसवलं या दोन गावांनी. त्यात १९८२ ची लीग तर रेआलनं शेवटच्या दिवशी घरच्या मैदानावर अ‍ॅथलेटिकलाच हरवून नक्की केली. कल्पना करा, शेजाऱ्याला हरवून चॅम्पियन, तेही शेजाऱ्याच्याच डोळ्यांदेखत.

दुखणं मात्र कपाचं नाही, पोरांचं आहे. अ‍ॅथलेटिकचा जिल्हा बिस्काया मोठा, रेआलचा गिपुस्कोआ लहान, आणि अ‍ॅथलेटिकला खेळाडू फक्त बास्क चालतात, म्हणजे शेजारच्या घरात हात घातल्याशिवाय भागत नाही. बरीच वर्षं रेआलनं पण बास्कच खेळाडू घेतले, शेवटी १९८९ मध्ये लिव्हरपूलमधनं आयरिश जॉन आल्ड्रिज आणला आणि तो नियम सोडला. १९९५ मध्ये अ‍ॅथलेटिकनं रेआलचा सतरा वर्षांचा एचेबेरिया करार तोडायची ठरलेली रक्कम भरून उचलला, आणि दोन्ही क्लबांचं बोलणंच बंद झालं. २०१८ च्या जानेवारीत परत तेच, मँचेस्टर सिटीनं अ‍ॅथलेटिकचा लापोर्त नेला, त्या पैशातनं अ‍ॅथलेटिकनं ३२ मिलियन युरो भरून रेआलचा इन्यिगो मार्तिनेस नेला. अदुरिस, अ‍ॅथलेटिकचा एवढा लाडका स्ट्रायकर, तो तर जन्मलाच सान सेबास्तियानला. तिकडच्या माणसासमोर अदुरिसचं नाव काढून बघा, आधी हसतो, मग विषय बदलतो.

आम्ही कोल्हापूरचे, त्यामुळं हे मला वेगळं समजवायला लागलं नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार या तालमींची फुटबॉल मॅच असली की पेठेतली दुकानं अर्धी बंद, आणि आपल्या पेठेतलं पोरगं दुसऱ्या तालमीकडनं खेळायला उतरलं की त्याच्या घरच्यांना पण टोमणे. अगदी तोच प्रकार, फक्त इथं पोराची किंमत मिलियनमध्ये.

आणि त्या २०२१ च्या एप्रिलबद्दल बिल्बाओत शक्यतो बोलू नका. २०२० ची कोपा देल रेची, म्हणजे स्पेनच्या कपची, फायनल अ‍ॅथलेटिक विरुद्ध रेआल सोसिएदाद ठरली, इतिहासात पहिल्यांदा दोघं फायनलला आमनेसामने, आणि आला कोरोना. प्रेक्षकांशिवाय नको म्हणून दोन्ही क्लबांनी मिळून वर्षभर फायनल पुढं ढकलली, तरी शेवटी ३ एप्रिल २०२१ ला सेव्हियाच्या रिकाम्या स्टेडियममध्येच खेळावी लागली, ओयार्साबालच्या पेनल्टीवर रेआल १-० जिंकले. दोन आठवड्यांनी अ‍ॅथलेटिक त्या वर्षीची दुसरी फायनल बार्सिलोनाशी हरले. पंधरा दिवसांत दोन फायनल घालवल्या राव. नंतर २०२४ मध्ये मायोर्काला पेनल्टीवर हरवून चाळीस वर्षांनी कप आणला, आणि १९८३-८४ सारखी विजयाच्या मिरवणुकीची बोट, गाबारा, नदीत सोडली, दोन्ही काठांवर माणसंच माणसं. ती बोट बघायची असेल तर स्टेडियमपासून चालत जाण्यासारखं सागरी म्युझियम आहे, इत्सासम्युझियम, तिथं ती ठेवलेली असते. मला तर स्टेडियमच्या टूरइतकीच ती बोट आवडली, साधी मालवाहू होडी आहे, त्यावर उभं राहण्यासाठी एक अख्खं शहर चाळीस वर्षं थांबलं.

आता मॅचचा दिवस. दुपारपासून पोसास रस्ता भरायला लागतो. लाल-पांढरे पट्टे अ‍ॅथलेटिकचे, निळे-पांढरे पट्टे रेआलचे, आणि दोन्ही एकाच बारच्या काउंटरवर, एकाच ताटलीतनं खात. सेव्हियाला, माद्रिदला मोठ्या मॅचला पाहुण्या फॅन्सना पोलिसांच्या कड्यातनं गेटपर्यंत नेतात, इथं निळा मफलर घातलेली आजी एकटी रस्ता क्रॉस करत होती. मी ज्या बारमध्ये उभा होतो तिथं सहा-सात साठीतल्या माणसांचं टोळकं होतं. तिकडं पद्धत अशी, सगळ्यांनी सुरुवातीला सारखे पैसे काढायचे, एकाकडं द्यायचे, तो प्रत्येक बारमध्ये सगळ्यांचं बिल भागवणार. या टोळक्याचा खजिनदार कोण, तर त्यातला एकमेव रेआलवाला. दर राउंडला बाकीचे त्याच्यावर ओरडायचे, तुम्ही लोक आमचे पैसे पण पळवणार, आणि तो शांतपणे पाकिटातनं नोट काढून काउंटरवर ठेवायचा, सुटे मोजून परत आत. मला त्यांनी बळंच एक सुरितो पाजली, म्हणजे अगदी लहान ग्लासातली बिअर, आणि कुठनं आलास विचारलं. इंडिया म्हटल्यावर खजिनदारानं विचारलं, रेआल की अ‍ॅथलेटिक? मी म्हटलं अजून ठरवलं नाही. सगळे एकदम गप्प. न ठरवणं तिथं चालत नाही, हे कळलं.

आत पण तेच. पाहुण्यांचा वेगळा कोपरा असतो, पण त्याबाहेर पण निळे-पांढरे शर्ट इकडंतिकडं पेरलेले, माझ्या पुढच्याच रांगेत चार जण होते. कुणी त्यांना काही केलं नाही, पण भावांनो, म्हणून आवाज कमी असतो असं समजू नका. रेफरीनं एक फाउल दिला नाही तर पन्नास हजार माणसं एकदम शिट्ट्या मारतात, कानाच्या आत हुळहुळतं. पुढच्या रांगेतला निळा शर्टवाला उभा राहून हात उडवायला लागला की मागनं काका त्याच्या खांद्यावर थाप मारून खाली बसवायचे, दोन मिनिटांनी काका स्वतःच उभे, मग निळावाला मागं वळून त्यांना बस म्हणायचा. पूर्ण नव्वद मिनिटं हा कार्यक्रम. स्कोअर मुद्दाम लिहीत नाही, स्कोअरसाठी जायची मॅच नाहीये ही. काटा किर्र मॅच झाली एवढं पुरे.

याला मी पाच मार्क देतो त्याचं एक कारण आनंदाचं नाही. ८ डिसेंबर १९९८ ला आयतोर साबालेता नावाचा रेआल सोसिएदादचा फॅन माद्रिदला मॅच बघायला गेला होता, गर्लफ्रेंडसोबत, आणि अ‍ॅतलेतिको माद्रिदच्या कट्टर, हिंसक फॅन्सच्या टोळीतल्या एकानं त्याला स्टेडियमच्या बाहेर भोसकून मारलं. सान सेबास्तियानच्या अनोएता स्टेडियममध्ये फॅन्सच्या स्टँडला आज त्याचं नाव आहे. स्पेनमध्ये डर्बी म्हणजे सगळीकडं असं खेळीमेळीचं असतं असं समजून कुठंही, कुठलाही शर्ट घालून फिरू नका. बार्सिलोनाच्या कांप नोऊ स्टेडियममध्ये २००२ मध्ये, क्लब सोडून माद्रिदला गेलेल्या फिगोच्या दिशेनं डुकराचं मुंडकं फेकलं ते आपण मीम म्हणून शेअर करतो, सेव्हिया शहरातल्या २०२२ च्या कोपा डर्बीत प्रेक्षकांतनं आलेली काठी सेव्हिया क्लबच्या जोर्दानच्या डोक्यात बसली आणि मॅच थांबवून दुसऱ्या दिवशी रिकाम्या स्टेडियममध्ये पुरी केली. त्या सगळ्यापुढं इथं लहान पोरं खांद्यावर घेऊन आलेले बाप दिसतात, दोन्ही रंगांचे. बायको-पोरांना घेऊन जाण्यासारखी स्पेनमधली मोठी मॅच कुठली विचाराल तर मी डोळे झाकून हीच सांगीन.

तिकीट. क्लबचे सभासद चाळीस हजारांच्या वर, त्यामुळं उरलंसुरलं तेच आपल्याला. क्लबच्या वेबसाइटवर मॅचच्या थोडे दिवस आधी सामान्य विक्री उघडते, तेव्हा लॅपटॉप उघडून बसायचं. मला मिळालं, माझ्या मित्राला नाही मिळालं, मग त्यानं एका रीसेल साइटवरनं घेतलं (नाव लिहीत नाही, सगळ्या एका माळेच्या मणी), छापील किमतीच्या तिपटीच्या वर पैसे, आणि तिकीट मॅचच्या दिवशी सकाळपर्यंत आलंच नाही, गडी हॉटेलच्या लॉबीत फोन रिफ्रेश करत बसलेला, नाश्त्याला पण आला नाही. शेवटी आलं, पण दुसऱ्याच स्टँडचं. चॅटवर तक्रार केली तर आय अंडरस्टँड युअर कन्सर्न, एवढंच. क्लासिकोसाठी हे असले धंदे चालतात हे माहीत होतं, इथंपण चालतात. विक्रीची तारीख आधीच बघून ठेवा, आणि मॅचची वेळ शेवटच्या काही आठवड्यांत पक्की होते, म्हणून परतीचं फ्लाइट त्याच रात्रीचं काढू नका. मॅचच्या दिवशी टूरचं काही खरं नसतं, ती आदल्या दिवशी उरका.

हॉटेल डर्बीच्या आठवड्यात महाग. पैसे वाचवायचे तर सान सेबास्तियानला राहायचा विचार करू नका, ते बिल्बाओपेक्षा महाग आहे. बस मात्र दोन्ही गावांत दिवसभर आहेत, सव्वा तासाच्या आसपास लागतो.

खायचं काय, हे व्हेजवाल्यांसाठी. बारच्या काउंटरवर पिंचोस मांडलेले असतात, पावाच्या तुकड्यावर काहीतरी आणि वर काडी. बहुतेकांत मासा नाहीतर हॅम, हिल्दा म्हणून एक असतो त्यात ऑलिव्ह आणि हिरवी मिरची बघून आपला माणूस खुश होतो पण मधे अँचोवी मासा असतो, तेवढं बघून घ्या. अंडं चालत असेल तर बटाट्याचं तोर्तिया बिनधास्त घ्या, जाड, आतनं ओलसर, पोट भरतं. शुद्ध शाकाहारी असाल तर हिरव्या मिरच्या तळून वर जाडं मीठ टाकून देतात, त्या मागवा, सोबत पाव, आणि बॅगेत चिवड्याचं पाकीट असू द्या, माझ्या मित्रानं हॉटेलच्या लॉबीत तोच खाल्ला.